टेनिसची सुरुवात: आधी चेंडू आणि तारा तपासा, मग हात

नव्याने टेनिस खेळायला लागलेल्याचा चेंडू एक तर जाळीत जातो, नाहीतर थेट मागच्या कुंपणावर. दोन्ही वेळा तो दोष आपल्या हाताला देतो आणि हात बदलायला लागतो. जोर वाढवतो, मनगट वाकवतो, पकड आवळतो. पुष्कळदा खरा दोष हवा गेलेल्या चेंडूत किंवा वर्षानुवर्षं न बदललेल्या तारांत असतो. पुढे साधन बदललं तरी त्यापायी लागलेली सवय हातात राहते आणि ती मोडायला महिने लागतात. म्हणून इथे साधनं आधी घेतली आहेत आणि फटके नंतर.

## १. सुरुवातीला काय लागतं

- तारा लावलेली एक रॅकेट
- एकाच प्रकारचे आणि साधारण एकाच वयाचे ६ ते १० चेंडू
- टेनिसचेच बूट
- २-३ ओव्हरग्रिप (मुठीवर गुंडाळायची पातळ पट्टी)
- घाम पुसायला लहान टॉवेल आणि पाणी
- सरावासाठी एक सपाट भिंत आणि तिच्यावर जाळीची उंची दाखवायला खडू

डॅम्पनर, म्हणजे तारांमध्ये अडकवायचा रबरी तुकडा, या यादीत नाही. त्याने फटक्याचा आवाज बदलतो, पण कोपराचं दुखणं थांबत नाही. आवाज आवडत असेल तर जरूर लावा, मात्र तो तारांच्या जाळीच्या बाहेर, सगळ्यात खालच्या आडव्या तारेच्याही खाली बसला पाहिजे. नियम तसा आहे.

## २. चेंडू: सगळ्यात आधी हाच तपासा

सामन्याचा नेहमीचा चेंडू ५६.० ते ५९.४ ग्रॅम वजनाचा असतो आणि त्याचा व्यास ६.५४ ते ६.८६ सेंटिमीटर असतो. २५४ सेंटिमीटरवरून कठीण, सपाट जमिनीवर सोडला की तो १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळायला हवा. म्हणजे जेवढ्या उंचीवरून सोडला तिच्या निम्म्याहून थोडा जास्त. हा आकडा लक्षात असू द्या.

चेंडूच्या पोकळ रबरात दाबाने हवा भरलेली असते. डबाही त्याच कारणासाठी दाबबंद असतो. झाकण उघडताना 'फुस्स' आवाज आला नाही तर तो डबा आधीच गळलेला आहे, परत करा. डबा उघडला की रबरातून हवा हळूहळू बाहेर जायला लागते, तुम्ही खेळा किंवा खेळू नका. त्यामुळे महिन्याभरापूर्वी उघडलेला, फक्त एकदा वापरलेला चेंडू दिसायला नवा असतो आणि टप्प्याला मेलेला. दिसण्यावर जाऊ नका.

घरच्या घरी तपासणी अशी करा. एका हातात नुकत्याच उघडलेल्या डब्यातला चेंडू घ्या, दुसऱ्या हातात संशय असलेला. दोन्ही खांद्याच्या उंचीवरून एकाच वेळी सोडा, ढकलू नका. दोघांच्या उसळीत वीतभर फरक दिसला तर जुना चेंडू खेळातून बाद. मग तोच चेंडू अंगठा आणि दोन बोटांत धरून दाबा. चांगला चेंडू जेमतेम दबतो, मेलेला सहज आत जातो. असं दहा-बारा वेळा केलं की पुढे नुसतं दाबूनच कळायला लागतं.

मेलेल्या चेंडूने नुकसान काय होतं? टप्पा कमरेपर्यंत येतच नाही, गुडघ्याशी राहतो. शिकणारा तो मनगटाने उचलायला बघतो. चेंडू लांब जात नाही म्हणून जोर वाढवतो. आठवड्याभरात मनगट ढिलं आणि खांदा ताठ, अशी उलटी सवय तयार होते. चांगला चेंडू हातात आला की तोच जोर त्याला बेसलाइनच्या (कोर्टच्या मागच्या रेषेच्या) बाहेर घेऊन जातो.

याहून वाईट म्हणजे सरमिसळ. टोपलीत काही नवे, काही जुने, काही बिनदाबाचे चेंडू एकत्र असतील तर प्रत्येक टप्पा वेगळा येतो, आणि फटक्यासाठी नेमकं कुठे उभं राहायचं याचा अंदाज कधीच बसत नाही. सहाच चेंडू असले तरी चालतील, पण सारखे असू द्या.

बिनदाबाचे, म्हणजे प्रेशरलेस चेंडू जाड रबराच्या जोरावर उसळतात. हवा जाण्याचा प्रश्न नसल्याने त्यांचा टप्पा बरेच महिने टिकतो. भिंतीवरच्या सरावाला आणि टोपलीभर सर्व्हिसला ते किफायतशीर. मात्र ते हाताला कडक लागतात, तेव्हा तासन् तास रॅली (दोघांनी चेंडू सतत परतवत राहणं) त्यांच्यावर नको.

लहान मुलांना आणि अगदी कोऱ्या मोठ्यांनाही कमी वेगाचे चेंडू द्या. लाल चेंडू नेहमीच्या पिवळ्यापेक्षा सुमारे ७५ टक्के, नारिंगी ५० टक्के आणि हिरवा २५ टक्के संथ असतो. मोठ्यांना यात कमीपणा वाटतो आणि ते पहिल्याच दिवशी पिवळा मागतात. हिरव्या चेंडूने दोन-तीन आठवडे खेळलेला माणूस फटका पूर्ण मारायला शिकतो. पहिल्याच दिवशी पिवळा घेतलेला माणूस चेंडू नुसता अडवायला शिकतो.

हवेचाही परिणाम असतो:

- थंडी: चेंडूतला दाब उतरतो, रबर कडक होतं, टप्पा खाली राहतो. पहाटे 'आज काहीच लागत नाही' असं वाटतं ते यामुळे.
- ऊन: दाब वाढतो, चेंडू उड्या मारतो. जोर तोच ठेवलात तर फटके लांब पडतात.
- उंच ठिकाण: हवा विरळ असल्याने चेंडू कमी अडतो आणि टप्पाही उंच येतो. समुद्रसपाटीपासून १,२१९ मीटरच्या वर खेळण्यासाठी वेगळे, कमी उसळणारे चेंडू मिळतात.
- ओल: वरचं लोकरी आवरण पाणी पितं आणि चेंडू जड होतो. ओल्या चेंडूने खेळू नका. कोपराला धक्का बसतो आणि रेषांवर पाय घसरतो.

आवरणाकडेही बघा. केस फुलले की हवेचा अडथळा वाढतो आणि चेंडू सावकाश येतो. घासून गुळगुळीत झाला की तो हवेतून वेगाने येतो, पण तारांना धरत नाही, त्यामुळे फिरकी कमी मिळते.

## ३. रॅकेट निवडणं

मोठ्या माणसाची नेहमीची रॅकेट २७ इंच लांब असते. नियमाने २९ इंचांपर्यंत चालते, पण सुरुवातीला २७ वरच थांबा. तारा नसताना वजन २६० ते २८५ ग्रॅम आणि डोकं १०० ते १०५ चौरस इंच असलेली रॅकेट बहुतेकांना झेपते.

पहिला सापळा म्हणजे नामवंत खेळाडूची रॅकेट. ३०० ग्रॅमच्या पुढची, लहान डोक्याची फ्रेम वेळेत फिरवता आली नाही तर प्रत्येक फटका उशिरा लागतो. दुसरा सापळा उलट दिशेचा: अतिशय हलकी, कडक रॅकेट. ती फिरते छान, पण चेंडूचा धक्का फ्रेम पचवत नाही, तो हातात येतो.

मुठीचं माप आणखी महत्त्वाचं. फोरहँडसाठी (मारत्या हाताच्या बाजूच्या फटक्यासाठी) धरतो तशी रॅकेट धरा. बोटांची टोकं आणि तळव्याचा गादीसारखा भाग यांच्यात दुसऱ्या हाताची तर्जनी बसली पाहिजे. बसतच नसेल तर मूठ बारीक आहे, ढिली बसत असेल तर जाड. मापं ४ इंचांपासून पाव इंचाच्या निम्म्या टप्प्याने वाढतात. 'एल २' म्हणजे सव्वाचार इंच घेर, 'एल ३' म्हणजे ४ ३/८ इंच. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर लहान घ्या. ओव्हरग्रिप गुंडाळून मूठ जाड करता येते, जाड मूठ बारीक करणं कटकटीचं.

ओव्हरग्रिप गुळगुळीत किंवा चिकट झाली की लगेच बदला. मूठ हातात फिरते तेव्हा माणूस नकळत पकड आवळतो, आणि आवळलेल्या हाताने रॅकेट मोकळी फिरत नाही.

लहान मुलांसाठी १९ ते २६ इंचांच्या रॅकेट असतात. मूल सरळ उभं राहून हात खाली सोडेल आणि रॅकेटचं टोक जमिनीला टेकेल, तेव्हा मूठ बोटांशी आली पाहिजे. 'पुढे उपयोगी पडेल' म्हणून मोठं माप घेऊ नका.

## ४. तारा, म्हणजेच गटिंग

चेंडू तारांना जेमतेम ४ ते ५ मिलिसेकंद चिकटलेला असतो. तेवढ्या वेळात काय होतं ते कळलं की ताणाचा सगळा गोंधळ सुटतो. ढिल्या तारा स्वतः जास्त वाकतात आणि आत घेतलेली बरीचशी ऊर्जा चेंडूला परत देतात. आवळलेल्या तारा कमी वाकतात, म्हणून चेंडूच जास्त चेपतो, आणि चेपलेलं रबर बरीच ऊर्जा गमावतं. त्यामुळे कमी ताणाला चेंडू लांब जातो, जास्त ताणाला आखूड पडतो. पुष्कळांचा समज नेमका उलटा असतो. चेंडू आखूड पडतोय म्हणून ते 'घट्ट गटिंग करा' सांगतात आणि तो आणखी आखूड पडतो.

तारांचे प्रकार:

- साध्या नायलॉनच्या तारा (सिंथेटिक गट): स्वस्त, मऊ, सगळ्या बाबतीत बऱ्या. पहिल्या वर्षी याच घ्या.
- मल्टिफिलामेंट: बारीक धाग्यांची वळलेली तार. हाताला आणखी मऊ, पण लवकर पिंजते. कोपर किंवा खांदा नाजूक असेल तर हीच.
- पॉलिएस्टर: कडक, टिकाऊ, जोरात रॅकेट फिरवणाऱ्याला भरपूर फिरकी देणारी. नवख्याकडे तेवढा वेग नसतो, त्यामुळे फिरकी मिळत नाही आणि कडकपणा तेवढा कोपराला मिळतो. टाळा.
- नॅचरल गट: जनावराच्या आतड्यापासून केलेली. सर्वांत मऊ आणि ताण उत्तम धरणारी, पण महाग आणि ओलीला नाजूक. आत्ता गरज नाही.

फ्रेमवर ताणाची मर्यादा छापलेली असते, उदाहरणार्थ ५० ते ६० पौंड. नायलॉनसाठी मधला किंवा त्याहून दोन पौंड कमी आकडा सांगा. गटिंग करणाऱ्याला आकडा सांगितला नाहीत तर तो आपल्या सवयीचा लावेल, आणि पुढच्या वेळी तुलना करायला तुमच्याकडे काहीच राहणार नाही. तारेचा प्रकार, जाडी, ताण आणि तारीख कागदावर लिहून बॅगेत ठेवा.

तार तुटेपर्यंत वापरायची असते, हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. यंत्रावरून उतरल्यापासूनच ताण उतरायला लागतो. पहिल्या दिवशी तो बराच उतरतो, पुढे हळूहळू. तार शाबूत दिसते, पण तिच्यातला जीव गेलेला असतो. ढोबळ हिशोब असा की आठवड्यात जितक्या वेळा खेळता, वर्षात तितक्या वेळा गटिंग. आठवड्यातून एकदाच खेळत असलात तरी वर्षात दोनदा करा.

तपासणीसाठी रॅकेट उजेडात धरा आणि डोक्याच्या मध्यभागी आडव्या-उभ्या तारा एकमेकींना ओलांडतात तिथे उभी तार अंगठ्याने बाजूला सरकवा. खाली खाच पडलेली दिसेल. तिच्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर तार झिजली आहे, आणि खाच तारेच्या निम्म्या जाडीपर्यंत गेली असेल तर ती पुढच्या एक-दोन खेळांत तुटेल. सरकवलेली नायलॉनची तार जागेवर परत येत नाही, ते साहजिक आहे, दोन गुणांच्या मध्ये बोटांनी सरळ करून घ्या. पॉलिएस्टरची तार मात्र आपोआप परत यायला हवी. येत नसेल तर ती संपली.

रॅकेट उन्हात, बंद गाडीत ठेवू नका. उष्णतेने ताण झपाट्याने उतरतो. आणि तार तुटली तर सगळ्याच तारा कापून टाका, मध्यापासून सुरुवात करून आळीपाळीने उभी-आडवी. एका बाजूचा ताण तसाच राहिला तर फ्रेम वाकू शकते.

## ५. कोर्ट आणि बूट

हार्ड कोर्टवर (सिमेंट किंवा डांबराच्या) टप्पा नियमित आणि मध्यम उंचीचा असतो, म्हणून शिकायला ते सोपं. मातीच्या कोर्टवर चेंडू टप्प्यानंतर संथ होतो आणि वर उसळतो, त्यामुळे वेळ जास्त मिळतो, रॅली लांबतात. हिरवळीवर तो घसरून खाली राहतो, गुडघे वाकवावेच लागतात. मातीवर चेंडूला माती चिकटून तो जड होतो, खरबरीत हार्ड कोर्टवर त्याचे केस लवकर झडतात.

धावण्याच्या बुटांनी टेनिस खेळू नका. त्यांचा तळवा उंच आणि मऊ असतो, पुढे पळण्यासाठी बनवलेला. टेनिसमध्ये बरीचशी धाव आडवी असते. आडवं थांबताना असा बूट कलतो आणि घोटा मुरगळतो. टेनिसच्या बुटाच्या बाजू भक्कम असतात, तळवा सपाट असतो. मातीसाठी तळव्याला दाट नागमोडी खाचा लागतात, हार्ड कोर्टसाठी जाड, झिजेला टिकणारं रबर.

## ६. पकड

मुठीला आठ पैलू असतात. रॅकेटची कड जमिनीकडे करून धरा. वरचा सपाट पैलू १ क्रमांकाचा. उजव्या हाताने खेळणाऱ्याने मुठीच्या टोकाकडून बघत घड्याळाच्या दिशेने मोजायचं, डावखुऱ्याने उलट. तर्जनीच्या मुळाचा सांधा ज्या पैलूवर बसतो त्यावर पकड ठरते.

- २ वर: कॉन्टिनेंटल. सर्व्हिस, व्हॉली (टप्प्याआधीच मारलेला फटका), स्लाइस (चेंडू खालून कापत मारलेला फटका) यांसाठी.
- ३ वर: ईस्टर्न फोरहँड. शिकायला सर्वांत सोपी.
- ४ वर: सेमी-वेस्टर्न फोरहँड. टॉपस्पिनला (पुढच्या दिशेच्या फिरकीला) चांगली, उंच टप्प्यावर सोयीची.

दोन हातांच्या बॅकहँडला (मारत्या हाताच्या उलट बाजूच्या फटक्याला) उजव्याने कॉन्टिनेंटल धरा, त्याच्यावर डाव्याने फोरहँडसारखी पकड घ्या आणि मुख्य काम डाव्या हाताकडे द्या. बहुतेक जण उजव्यानेच ओढतात आणि डावा नुसता ठेवतात.

## ७. पहिले फटके

बेसलाइनवरून सुरुवात करू नका. जाळीपासून सर्व्हिस रेषा ६.४० मीटरवर असते. दोघांनी आपापल्या सर्व्हिस रेषेमागे उभं राहून हळू रॅली करा. सलग वीस चेंडू जमले की दोन पावलं मागे. पूर्ण कोर्ट २३.७७ मीटर लांब आहे. तेवढं अंतर जोराने कापायचं नसतं, रॅकेट पूर्ण फिरवून कापायचं असतं.

१. समोरचा खेळाडू चेंडू मारत असताना पायांवर छोटीशी उडी घ्या. त्याने दोन्ही बाजूंना निघायची तयारी होते.
२. चेंडूची बाजू कळताच आधी खांदे वळवा. खांद्यांबरोबर रॅकेट आपोआप मागे जाते.
३. टप्पा पडायच्या आत रॅकेटचं डोकं चेंडूच्या खाली आणा.
४. पुढच्या पायाच्या थोडं पुढे, कमरेच्या उंचीला चेंडू गाठा.
५. खालून वर फिरवत रॅकेट दुसऱ्या खांद्यापर्यंत जाऊ द्या.

जाळीच्या वरून साधारण मीटरभर उंचीने मारा. नवख्याचे बरेचसे गुण जाळीतच जातात. शिवाय तिरका फटका जास्त सुरक्षित. जाळी मध्यभागी ९१.४ सेंटिमीटर असते आणि खांबांशी १.०७ मीटर, आणि एकेरीच्या कोर्टचा कर्ण लांबीपेक्षा जवळपास १.४ मीटर मोठा आहे. म्हणजे तिरकं मारताना अडथळा ठेंगणा आणि जागा जास्त.

## ८. सर्व्हिस

चेंडू बोटांच्या टोकांवर धरा, तळव्यात नको. हात सरळ ठेवून डोळ्यांच्या उंचीवर सोडा. तो थोडा पुढे, मारत्या खांद्याच्या रेषेत, हात ताणून रॅकेट जिथे पोहोचते त्याच्या किंचित वर गेला पाहिजे. नुसतं चेंडू वर टाकण्याचा सराव वेगळा करा: पुढच्या पायाच्या पुढे रॅकेट जमिनीवर ठेवा आणि न मारता चेंडू तिच्या डोक्यावर पडतो का बघा.

वर टाकलेला चेंडू वाकडा गेला तर मारू नका, खाली पडू द्या. तो फॉल्ट (चुकलेली सर्व्हिस) नाही. मारायला गेलात आणि हुकलात तर मात्र फॉल्ट. चेंडूला रॅकेट लागायच्या आत पाय बेसलाइनला टेकला तर तोही फॉल्ट.

सर्व्हिसही आधी सर्व्हिस रेषेवरून मारा, जमेल तशी मागे या. पहिली चुकल्यावर मिळणारी दुसरी सर्व्हिस म्हणून चेंडू नुसता ढकलायची सवय लावू नका. रॅकेटचा वेग तोच ठेवून फिरकी वाढवा.

## ९. गुण मोजणं

गेममधले गुण लव्ह (शून्य), १५, ३०, ४० असे. ४०-४० म्हणजे ड्यूस, तिथून सलग दोन गुण हवेत. सहा गेम आणि दोनची आघाडी म्हणजे सेट, ६-६ ला टायब्रेक, त्यात सात गुण आणि दोनची आघाडी. सर्व्हिस करणाऱ्याचे गुण आधी बोलतात, आणि ते प्रत्येक गुणाआधी मोठ्याने बोला. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या अशा विषम गेमनंतर बाजू बदलतात.

रेषेला स्पर्श झाला तरी चेंडू आत. आपल्या बाजूचा निर्णय आपण द्यायचा, आणि शंका असेल तर गुण समोरच्याचा. सर्व्हिस जाळीला लागून योग्य चौकोनात पडली तर पुन्हा मारायची, रॅलीतला चेंडू जाळीला लागून पलीकडे गेला तर खेळ चालू. बाहेर चाललेला चेंडू टप्प्याआधी हातात झेलू नका. तुम्ही कोर्टाबाहेर उभे असलात तरी गुण जातो.

## १०. बिघडलं तर कुठे शोधायचं

सगळे फटके अचानक लांब जात आहेत. चेंडू नवे आहेत का, ऊन वाढलंय का, तारा जुन्या होऊन ढिल्या पडल्यात का, हे आधी बघा. तिन्ही ठीक असतील तर रॅकेटचा चेहरा आकाशाकडे उघडतोय.

सगळे जाळीत. चेंडू दाबून बघा. चांगले असतील तर तुम्ही टप्प्याला उशिरा पोहोचताय किंवा गुडघे सरळ आहेत.

रॅकेट हातात फिरते. ओव्हरग्रिप आधी, मुठीचं माप नंतर. दोन्ही बरोबर असेल तर चेंडू तारांच्या मध्यावर लागत नाहीये.

कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतंय. खेळ तिथेच थांबवा. पॉलिएस्टरच्या तारा असतील तर काढून मऊ तारा कमी ताणावर लावा, मेलेले आणि ओले चेंडू फेकून द्या, मुठीचं माप पुन्हा मोजा, आणि बॅकहँड शरीराच्या मागे लागतोय का हे दुसऱ्या कोणाला बघायला सांगा. विश्रांती घेऊनही दुखणं राहिलं तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय रॅकेट उचलू नका.